एका वेळी एक बांधी

काकाजी रविवारचा पेपर घ्यायचे आणि दोन आठवडे वाचायचे. रोज एक पान. पान म्हणजे अख्खं पान, बातम्या, निविदा, वधू-वर, नावात बदल, हरवलेली बॅग, सगळं. आजचं पान संपल्याशिवाय उद्याच्याला हात नाही, आणि पेपर संपल्याशिवाय नवा पेपर नाही. त्यामुळे आमच्या कोहमाऱ्याच्या चौकात निवडणुकीचा गुलाल उधळून, रस्ता धुऊनही झालेला असायचा आणि काकाजी सपरीतल्या, म्हणजे ओसरीवरच्या, खाटेवर बसून मला विचारायचे, यंदा कोण निवडून येईल वाटतं. सुरुवातीला मी सांगून टाकायचो. त्यावरून ते एकदा इतके चिडले की दोन दिवस बोलले नाहीत. पुढे मी शिकलो. त्यांच्या पानावर जे अजून झालं नाही, ते आपणही झालं म्हणायचं नाही.

ते माझे घरमालक. हायवेवरच्या ढाब्यांच्या मागे त्यांचं घर होतं, त्यातली एक खोली मी भाड्यानं घेतली होती. जवळच्या सरकारी दवाखान्यात मी कंत्राटावर औषधं देतो. माझ्या हुद्द्याचं नाव औषधनिर्माण अधिकारी आहे, हे मी त्यांना पहिल्या महिन्यात तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी मान हलवली आणि मला कंपौंडरच म्हणत राहिले. मला फार्मसी शिकवताना बापानं किती खस्ता खाल्ल्या, ते यांना काय सांगणार. सोडून दिलं.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा नागपूरला. स्वयंपाक स्वतः करायचे. ताटात भात, वरण, भाजी वाढून घ्यायचे आणि आधी भाजी संपवायचे, नुसती. मग वरण प्यायचे. मग कोरडा भात. मी एकदा म्हटलं, काकाजी, कालवून खा ना, पोटात जाऊन एकच होते. तर म्हणाले, पोटाचं पोट पाहून घेईल, माझं काम ताटापर्यंत. घर रंगवायचं तेही तसंच. दर दिवाळीला एक भिंत, पण दोन हात देऊन, लख्ख. कोणत्या साली कोणती भिंत याची यादी डोक्यात पक्की. माझ्या गादीशेजारच्या भिंतीचा नंबर पाच वर्षांनी लागणार होता. तिचे पोपडे माझ्या उशीवर पडायचे. तक्रार केली की एकच उत्तर, तिची पाळी आली नाही अजून.

हे सगळं त्यांच्या नोकरीतून आलं होतं. काकाजी पाटकरी होते. तलावाचं पाणी पाटानं शेतांना सोडायचं, कोणाला कधी आणि किती याची पाळी लावायची आणि ती पाळायला लावायची, हे पाटकऱ्याचं काम. आमच्याकडे धानाचं शेत म्हणजे एकाखाली एक उतरत गेलेल्या बांध्या. वरची बांधी भरली की तिच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, तोंड पाडायचं, पाणी खालच्या बांधीत जातं. तीस वर्षं त्यांनी हे केलं आणि तीस वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्त होऊनही त्यांच्या घरात नळ गळलेला मी पाहिला नाही.

आता माझं सांगतो. सांगायची हौस नाही, पण त्याशिवाय हा माणूस पुरा होत नाही.

माझ्याकडे तीन क्रेडिट कार्डं होती. पहिलं फ्रीजसाठी घेतलं. दुसऱ्यावर बाबांचं नागपूरचं ऑपरेशन झालं. तिसऱ्यावर बहिणीच्या लग्नाचा मंडप आणि जेवण. मी त्यांना तशीच नावं ठेवली होती, फ्रीजचं, बाबांचं, लग्नाचं. मानधन बावीस हजार. दर महिन्याला तिन्हींचं मिनिमम भरायचो, मिळून आठेक हजार. पाच वर्षं भरलं. दीड लाखाच्या वर होतं, ते पाच वर्षांनीही दीड लाखाच्या वरच होतं. वर दिवसाला चार खर्रे. तंबाखू सोडा हे पोस्टर दवाखान्यात माझ्याच खिडकीवर लावलेलं, आणि त्याच्यामागे मी गालात खर्रा धरून बसलेलो.

यातला फक्त फ्रीज बायकोला माहीत होता. ती मुलाला घेऊन गोंदियात, मी आठवडाभर इथे, शनिवारी घरी. तिला वाटायचं बाबांचं ऑपरेशन कुठल्या योजनेत झालं, आणि लग्नाचे पैसे माझ्या साठवणीतले. कसली साठवण आणि कसलं काय. तिला कळू नये यासाठी मी पाच वर्षं राबलो, तेवढा पैसे फेडायला राबलो नाही. स्टेटमेंट मेलवर, मोबाईलला कुलूप, घरी गेलं की फोन सायलेंट. शनिवारची बस गोंदियाच्या स्टँडात शिरली की मी सगळ्यांच्या शेवटी उतरायचो. स्वतःच्या घरी जाताना, बरं का.

त्या महिन्यात मानधन जमा झाल्याचा मेसेज आला आणि मी सपरीत बसून एकामागून एक तिन्ही कार्डांचे पैसे भरत होतो. काकाजींचं पान वाचून झालं असावं. त्यांनी चष्मा काढला.

"काऊन रे कंपौंडर, तीन डाव का दाबून रायला?"

काहीतरी थाप मारता आली असती. मारली नाही. जे बायकोपासून पाच वर्षं लपवलं, ते मी या पाटकऱ्याला दहा मिनिटांत सांगून टाकलं. लपवायचाही कंटाळा येतो माणसाला. त्यांनी सगळं ऐकलं, आणि बिचारा, च्च, असं काही न म्हणता म्हणाले, कागद आन.

चौकातल्या ऑनलाइनच्या दुकानातून मी तिन्ही स्टेटमेंट छापून आणली. सगळं इंग्रजीत. काकाजींना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यानं त्यांचं काही अडलं नाही. रोज संध्याकाळी एक पान घ्यायचे, ओळीवर बोट ठेवायचे आणि विचारायचे, इथं का लिवलं? मी मराठीत सांगायचं. मग पुढची ओळ. मी वैतागून गेलो. म्हटलं, काकाजी, हे सगळं फालतू असते, कामाचा एवढा चौकोनच, मिनिमम किती ते. त्यांनी बोट हलवलं नाही.

पाचव्या की सहाव्या संध्याकाळी बोट मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांवर आलं आणि मी वाचलं, की दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड कित्येक वर्षं लांबेल आणि बाकी रकमेवर व्याज चढत राहील. काकाजी म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. खालच्या ओळीत होतं, की मागची बाकी पूर्ण फेडलेली नसेल तर नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणजे मी त्याच कार्डावर मोबाईलचं रिचार्ज मारत होतो, त्यालाही. महिन्याला शेकडा साडेतीन. पाच वर्षं हा कागद दर महिन्याला माझ्याकडे येत होता. बँकेनं लिहून ठेवलं होतं, मीच वाचलं नव्हतं. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं मी लोकांना दिवसभर वाचून दाखवतो. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

काकाजींनी कागदाची घडी घातली. मग त्यांनी एका सालची गोष्ट सांगितली. तलाव अर्धाच भरला होता. नियम असा, की पुरेल तेवढ्यांनाच पाळीनं पाणी द्यायचं आणि बाकीच्यांना आधीच नाही म्हणून सांगायचं. पण काकाजी नवे होते, तरुण होते. जो तो येऊन पाया पडायचा. त्यांच्यानं नाही म्हणवलं नाही. सगळ्यांना थोडं थोडं पाणी सोडलं. ते पाटातच मुरलं, बांध्यांत पोचलं ते वरवर ओलं करून गेलं. धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या वेळी सगळ्यांचं वाळलं, सख्ख्या भावाचंही. तो भाऊ पुढे मरेपर्यंत त्यांच्या दारात आला नाही.

"सगळ्याइले देल्लं मी. कोनाचंच नाई झालं," ते म्हणाले. "तू बी तेच करून रायला. तीन बांध्या हायेत आन तिन्ही नुसत्या ओल्या करून रायला. लहान हाये ते आधी भर. ते भरली का तिच्या धुऱ्यावरून पानी आपोआप पुढं जाते."

लहान म्हणजे फ्रीजचं, अठ्ठावीस हजारांचं. हिशेब सोपा होता. मिनिममपेक्षा जास्तीचा जो पैसा निघेल तो सगळा एका कार्डात, ते संपलं की त्याचा हप्ताही पुढच्या कार्डाला. इथपर्यंत काकाजींचं सोळा आणे बरोबर होतं. पण पाटकऱ्याच्या नियमात एकाची पाळी चालू असली की बाकीची दारं घट्ट बंद असतात, थेंब गळता कामा नये. त्यांनी मला तेच करायला लावलं. पुढच्या महिन्यात मी उधार-पाधार न करता, खर्च आवळून तेरा हजार काढले आणि सगळे फ्रीजच्या कार्डात घातले. बाबांच्या आणि लग्नाच्या कार्डात शून्य. मिनिमम चुकवलं की दंड बसतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण थकलेल्या माणसाला कोणी इतकं ठामपणे सांगितलं की बरं वाटतं. मी पाच वर्षांत पहिल्यांदा शांत झोपलो.

मग बँकेचे फोन सुरू झाले. मी उचलले नाहीत. मी उचलत नाही म्हटल्यावर त्यांनी अर्जात दिलेल्या दुसऱ्या नंबरवर केला. दुसरा नंबर बायकोचा होता.

गुरुवारी दुपारी मी दवाखान्यातून आलो, तर ती सपरीत खाटेवर बसलेली. मुलाला शेजाऱ्यांकडे ठेवून बसनं आली होती. काकाजींनी तिला पाणी दिलं होतं आणि स्वतः खांबाला टेकून उभे होते. तिनं मला एकच विचारलं, एकूण किती? मी सांगितलं. कशाकशाचे? तेही सांगितलं, आणि पाच वर्षं नुसतं मिनिमम भरत आलो हेही. ती रडेल, ओरडेल असं वाटलं होतं. तिनं पदरानं नुसता घाम पुसला.

काकाजी मध्येच म्हणाले, बाई, चूक माझी हाये, दार मी बंद करायले लावलं. ती म्हणाली, "तुमच्यावर राग नाही काकाजी. तुम्हाला आधीपासून माहीत होतं आणि मला आज एका परक्या बाईनं फोनवर सांगितलं, राग त्याचा आहे." मग माझ्याकडे वळली. "शनिवारी यायचं, भाजी आणून टाकायची, पोराला एक चक्कर मारून आणायची, रविवारी संध्याकाळी बस पकडायची. मलाही तुम्ही तेवढंच भरून राहिले. मिनिमम."

खरं होतं ते. कर्ज लपवायचं म्हणून घरात कमी बोलायचो, कमी बोलायची सवय झाली, आणि पुढे घरी जायचाच कंटाळा यायला लागला. हे मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. काकाजी आत निघून गेले.

संध्याकाळच्या बसपर्यंत तिनं तिन्ही कागद ओळीनं वाचून काढले. निघताना म्हणाली, माझी भिशी आहे, दिवाळीत माझा नंबर लागतो, त्यातून फ्रीजचं राहील ते मिटवते, फ्रीज मी वापरते. आणि ते खर्रे बंद करा. एवढंच बोलून बसमध्ये चढली. मागे वळून पाहिलं नाही.

त्या रात्री काकाजी जेवले नाहीत. सकाळी माझ्या दारात उभे राहिले आणि दोन कार्डांचा दंड किती बसला ते विचारलं. सांगितला. या महिन्याच्या भाड्यातून तेवढे कापून घे म्हणाले, चूक ज्याची दंड त्याचा. मी नको नको म्हणत होतो, ते ऐकत नव्हते. मग म्हणाले, दुष्काळात बी जीवपानी देत होतो आम्ही, रोप जितं राहील तेवढं, मी ते विसरलोच. बाकीच्या दोघाइले मिनिमम भर, त्याच्यावर एक थेंब नाई. सत्तरी ओलांडलेला माणूस आपल्या आयुष्यभराच्या नियमात चूक कबूल करतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

तेवढ्यावर थांबले असते तर ते काकाजी कसले. त्यांनी ऑइलपेंटचा डबा आणला आणि माझ्या त्या पोपडे पडणाऱ्या भिंतीवर, तलावाच्या सांडव्याजवळ असते तशी मोजपट्टी रंगवली. एक नव्हे, तीन. काळी-पांढरी घरं, एकेक घर दोन हजारांचं. दर महिन्याला पैसे भरले की ते येऊन एकाच पट्टीवर खूण खाली करायचे. बाकीच्या दोन पट्ट्यांकडे पाहायचेसुद्धा नाहीत. दवाखान्यातला कोणी खोलीवर आला की विचारायचा, हे काय आहे बे? मी सांगायचो, घरमालकाचं डोकं फिरलं आहे.

दिवाळीत भिशी लागली आणि पहिली पट्टी तळाला गेली. बायकोनं फोनवर सांगितलं, फ्रीज आता माझा. हसली नाही, पण आवाज जरा सैल होता. फ्रीजच्या कार्डाचा हप्ता मग बाबांच्या कार्डाला जोडला. पुढचं वर्षभर कसं गेलं ते विचारू नका. खर्रा सुटताना पंधरा दिवस मी दवाखान्यात लोकांवर भुंकत होतो. मोटारसायकल उभी करून पायी जात होतो. बहिणीकडच्या बारशाला पाचशेचं पाकीट दिलं, तर ती महिनाभर बोलली नाही. मित्राच्या भावाच्या लग्नाला चिचगडला गेलोच नाही. आधी मी कोणालाच नाही म्हणत नव्हतो, आता सगळ्यांनाच म्हणत होतो. आनंद वगैरे काही नव्हता त्यात. महिना उलटायचा, काकाजी पेंटचा ब्रश घेऊन यायचे, खूण चार घरं खाली जायची. कधी तीनच. मग ते म्हणायचे, कोनं दार उघडलं होतं? आणि मला सांगावं लागायचं, की मुलाला चष्मा लागला.

काकाजी गेल्या हिवाळ्यात गेले. मी तेव्हा खोली सोडून गोंदियाहून रोज बसनं जाणं-येणं करत होतो. मयतीला गेलो, तर खाटेवर पेपर होता, नवव्या पानावर घडी घातलेला. त्यांच्या मुलानं तो उचलून रद्दीत टाकला. तेव्हा मला राग आला, पण त्याला काय माहीत. आतल्या खोलीत डोकावलो. त्या भिंतीची पाळी अजून दोन वर्षांनी होती. तिन्ही पट्ट्या तशाच होत्या, खुणा तळाला.

त्यातली शेवटची खूण कशी गेली, तेवढं राहिलं सांगायचं.

लग्नाचं कार्ड संपलं तो दिवस. दुपारी शेवटचे पैसे भरले, स्क्रीनवर शून्य आलं. मी ते काकाजींना दाखवलं. त्यांनी ब्रश आणला, खूण खाली केली, ब्रश रॉकेलमध्ये धुतला, पुसला आणि मग विचारलं, दार बंद केलं का? म्हटलं, दोन कार्डं बंद केली, हे एक राहू देतो, अडीअडचणीला लागते. त्यांनी फोन उचलून माझ्या हातात दिला. मी निमूटपणे फोन लावला, स्पीकरवर.

चाळीस मिनिटं गाणं ऐकलं. काकाजी शेजारी ताठ बसून होते. शेवटी एक मुलगी आली, गोड बोलणारी. मी म्हटलं, कार्ड बंद करना है. ती म्हणाली, सर, आप तो हमारे पुराने कस्टमर हैं, आपके लिए लिमिट डबल करने का ऑफर है. खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडात हो आलंच होतं. नातेवाइकांना नाही म्हणायला शिकलो होतो, बँकेला अजून नाही. तेवढ्यात काकाजींनी फोनवर वाकून खड्या आवाजात सांगितलं, "बाई, पाली खतम हो गयी. अब गेट बंद करो."

मग तिनं विचारलं, सर, आप कौन बोल रहे हैं?

"पाटकरी," काकाजी म्हणाले.

तिनं कार्ड बंद करायची विनंती नोंदवून घेतली. काकाजी उठले आणि आजचं पान राहिलं म्हणून चष्मा शोधायला लागले. मी पिशवीत एक शर्ट टाकला आणि स्टँडवर आलो. बायकोला फोन केला नाही. साडेपाचची बस मिळाली. गोंदियाच्या स्टँडात शिरली तेव्हा सगळ्यांत आधी उतरलो, नुसती झोप येत होती.

तिनं दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मागे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"आज बुधवार आहे ना?"

मी म्हटलं, हो, बुधवारच आहे. ती दारातून बाजूला झाली आणि आणखी एक वाटी तांदूळ धुवायला आत गेली.